वळिवडे स्टेशनच्या पलीकडे

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू कामासाठी परदेशात फिरतेस, प्रवासावर वीस मिनिटं बोल." मी म्हटलं, माझा प्रवास म्हणजे विमानतळ, ऑफिस, हॉटेल आणि परत विमानतळ. बाकी सगळं काचेतून दिसतं. सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या प्रवासवर्णनात कॉन्फरन्स रूमच्या कॉफीशिवाय फार काही नसतं. पण माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ती सुरू होते पोलंडमध्ये आणि संपते आपल्या शाळेपासून सात-आठ किलोमीटरवर. मधे मी केलेली एक मोठी चूकही आहे. ज्या मैत्रिणीच्या बाबतीत ती चूक झाली, ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिची परवानगी घेऊनच बोलते आहे. तिची अट एकच, नाव घ्यायचं नाही. नाव न घेताही तुम्हाला कळणारच आहे, तो भाग वेगळा.

आधी गांधीनगर. आपल्यापैकी गांधीनगरला न गेलेलं कोणी आहे का? गॅदरिंग आलं की नाचाचे कपडे गांधीनगरहून. घरात लग्न निघालं की बस्ता, आहेराच्या साड्या, टॉवेल-टोपी, सगळं गांधीनगरहून. नववीच्या गॅदरिंगला आपण बाराजणी शेतकरी नृत्यासाठी हिरवं कापड आणायला गेलो होतो. दुकानदारानं मीटरमागे दोन रुपये कमी करावेत म्हणून अर्धा तास घातला आणि वाचलेल्या पैशांची भेळ खाल्ली. त्या दिवशी आपण ज्या जमिनीवर उभ्या होतो तिथे आधी काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. ते मला समजलं वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, वॉर्सामध्ये.

२०१९ चा ऑक्टोबर. आमच्या कंपनीची एक टीम क्राकोला आहे. तिथल्या टेस्टिंगच्या प्रमुखाबरोबर मी पाच वर्षं रोज फोनवर बोलत होते, प्रत्यक्ष भेट तेव्हा पहिलीच. एका ग्राहकाच्या कामासाठी आम्ही दोघं वॉर्साला गेलो. रविवार मोकळा होता. तो म्हणाला, "तू कोल्हापूरची ना? मग तुला एक जागा दाखवतो." जुन्या शहराजवळ क्रासिन्स्की बाग आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या मोंते कासिनोच्या लढाईचं मोठं स्मारक आहे. त्याच्या जवळ एक फलक आहे आणि त्यावर रोमन अक्षरांत नाव आहे, वळिवडे-कोल्हापूर.

परक्या देशात, गार वाऱ्यात, आपल्या गावाचं नाव दगडावर वाचलं की काय होतं हे सांगता येत नाही. त्यानं विचारलं, "तुला माहीतच असेल ना ही गोष्ट?"

मी म्हटलं, "हो, अर्थात."

खोटं बोलले. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून कबूल करते. दहावीला आपल्याला महायुद्ध होतं. जर्मनीनं पोलंडवर कधी आक्रमण केलं? १ सप्टेंबर १९३९. एक मार्क. तो एक मार्क मी कधीच सोडला नाही. पण त्या पोलंडमधले सुमारे पाच हजार लोक आपल्या शहराच्या वेशीवर पाच वर्षं राहून गेले, हे मला माहीत नव्हतं.

रात्री हॉटेलवरून आईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, गांधीनगर म्हणजेच तो पोलंडवाल्यांचा कॅम्प. गेल्याच महिन्यात पेपरात फोटो होते. लहानपणी इथे राहिलेली म्हातारी माणसं परत बघायला आली होती." म्हणजे आईला माहीत होतं. मग मला कधी सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

मग मी वाचायला लागले. थोडक्यात सांगते, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, आणि सतराव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, सोव्हिएत फौजा पूर्वेकडून घुसल्या. देशाचा पूर्वेकडचा भाग सोव्हिएत रशियानं घेतला. फेब्रुवारी १९४० पासून तिथल्या लाखो पोलिश लोकांना कुटुंबासकट मालगाड्यांत घालून सैबेरियात आणि कझाकस्तानात पाठवलं. जंगलतोड, थंडी, उपासमार. १९४१ साली जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाला मित्र हवे झाले आणि या लोकांना मोकळं सोडण्याचा करार झाला. कोणाकोणाला निघता आलं ते दक्षिणेकडे निघाले. १९४२ मध्ये त्यातले बरेचजण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले. पुरुष सैन्यात गेले. त्यातलेच पुढे मोंते कासिनोला लढले. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं यांचं काय करायचं, हा प्रश्न उरला.

त्यातली काही मुलं गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला आली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना सांभाळलं. वॉर्सामध्ये 'चांगल्या महाराजांचा चौक' आहे, तो त्यांच्याच नावानं. आणि १९४३ पासून हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी पोलिश वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं. एक छोटं पोलिश गाव, पंचगंगेच्या खोऱ्यात. वसाहत १९४८ पर्यंत होती. काहीजणांच्या कबरी आजही कोल्हापूरच्या ख्रिश्चन दफनभूमीत आहेत. काही मुलींनी इथल्या मुलांशी लग्नं केली आणि त्या इथल्याच होऊन गेल्या.

आता तुम्हाला वाटेल, किती छान गोष्ट! मलाही तसंच वाटलं. पुण्याला परत आल्यावर मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. वॉर्सातला फोटो टाकला. खाली लिहिलं, "अभिमान आहे कोल्हापूरकर असल्याचा." चाळीसेक टाळ्या आल्या. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्यात माझं कर्तृत्व ते काय? आणि गोष्ट तेवढी सरळही नव्हती. वसाहतीच्या खर्चाचा भार लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारनं उचलला होता. निर्णय ब्रिटिश सरकारशी बोलून झाला होता. आणि ज्या १९४३ साली वळिवड्यात बराकी उभ्या राहत होत्या, त्याच वर्षी त्याच ब्रिटिश राजवटीत बंगालमध्ये लाखो माणसं दुष्काळानं मेली. यातलं काहीही मी त्या मेसेजमध्ये लिहिलं नाही. टाळ्यांच्या मेसेजमध्ये 'पण' बसत नाही.

आता चुकीकडे येते.

तुम्हाला तो २०१९-२० चा हिवाळा आठवत असेल. देशभर एकच वाद चालला होता, कोण आपलं आणि कोण बाहेरचं. घरोघरी चालला होता, आपल्याही ग्रुपवर चालला होता. एका रात्री माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं एक मेसेज पुढे पाठवला. देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, असा त्याचा सूर. पुढे पाठवलेला मेसेज, तिनं स्वतः लिहिलेला नव्हे. मी थकून घरी आले होते, आणि माझ्या हातात वळिवड्याची ताजी गोष्ट होती. मी तिथेच, सगळ्यांसमोर, लिहिलं, "निदान गांधीनगरच्या लोकांनी तरी असले मेसेज पाठवू नयेत. तुम्हालाही कॅम्पच मिळाला होता ना राहायला?"

बाहेरगावच्या कोणाला यात काही वावगं वाटणार नाही. आपल्याला कळेल. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. माझ्या मैत्रिणीचे आजी-आजोबा त्यातले. आणि पाचवीत ती आपल्या वर्गात आली तेव्हा काही मुलं तिला काय म्हणायची, आठवतंय? 'कॅम्पातली.' तेव्हा मी एका मुलाची पाटी फोडली होती. वर्गशिक्षकांनी मला अर्धा तास बाहेर उभं केलं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघी एका बाकावर बसलो, ते थेट दहावीच्या शेवटच्या पेपरापर्यंत.

आणि तीस वर्षांनी तोच शब्द मी वापरला. बरोबर माहितीसह, सनावळीसह.

माझ्या मेसेजला काही मिनिटांत चौदा अंगठे आले. ती ग्रुपमधून निघून गेली. मी फोन केला नाही. मनात म्हटलं, मी चूक काय बोलले? एकेक शब्द खरा आहे. आमच्या धंद्यात ही सवय लागते. कोडमधली चूक दाखवली की काम झालं, दाखवताना समोरच्याचं काय झालं हा प्रश्न नसतो. मग करोना आला. २०२१ च्या मे महिन्यात तिचे वडील गेले. ते मला तिसऱ्याकडून कळलं. ते काका आपल्याला दुकानात गेलं की प्रत्येकीच्या हातावर खडीसाखर ठेवायचे. मी मेसेज लिहिला, पुसला. परत लिहिला, परत पुसला. अखेर पाठवलाच नाही. माझ्या आयुष्यात मला ज्या दोन-तीन गोष्टींची खरी लाज वाटते, त्यातली ही एक आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, रात्री एकच्या सुमाराला माझा फोन वाजला. तिचं नाव. दोन वर्षांनी. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. म्हणाली, "ए, तुझा तो पोलंडचा माणूस अजून आहे का तिथं?"

तिची मुलगी युक्रेनच्या पश्चिमेला टर्नोपिलला मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होती. आपल्याकडची हजारो मुलं तिथे शिकत होती, कारण इथल्या खासगी कॉलेजची फी परवडत नाही आणि सरकारी जागा मोजक्या. ती मुलं बस करून पोलंडच्या सीमेकडे निघाली होती. वाहनांच्या रांगा इतक्या होत्या की बसवाल्यानं त्यांना सीमेच्या तीसेक किलोमीटर अलीकडे उतरवलं. तिथून चालत. बर्फ, पाठीवर सॅक, आणि फोनची बॅटरी संपत आलेली. शेवटचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की आम्ही शेहिनीच्या नाक्याकडे चाललोय.

मी क्राकोला फोन लावला. तिथे संध्याकाळचे साडेआठ वाजले होते. सगळं सांगितलं. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "पलीकडचा पोलंडचा नाका म्हणजे मेडिका. माझ्या घरापासून अडीचशे किलोमीटर. उद्या निघतो. पण हजारो लोक असतील, तिला मी ओळखणार कसा? आणि ती मला कशी ओळखणार?"

मुलीचा फोटो पाठवला. पण तिचा फोन बंद, तिला कोण सांगणार की असा असा माणूस येतोय? तेव्हा मला सुचलं. कागदावर मोठ्या अक्षरात देवनागरीत 'कोल्हापूर' लिहिलं आणि फोटो काढून त्याला पाठवला. म्हटलं, हे पुठ्ठ्यावर जसंच्या तसं काढ आणि हातात धरून उभा राहा. त्यानं विचारलं, "म्हणजे तेच ना, फलकावरचं?" म्हटलं, तेच.

शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी पहाटेपर्यंत तो तिथे होता. रात्री गाडीत झोपला. पुठ्ठ्याचा फोटो त्यानं पाठवला होता. ल्ह चं जोडाक्षर त्यानं वेलबुट्टीसारखं काढलं होतं आणि उकार काना समजून लांब केला होता. पण वाचता येत होतं. पलीकडे ती पोरं दोन रात्री रांगेत उभी होती. युक्रेनच्या बायका-मुलांच्या रांगा वेगळ्या, परदेशी मुलांच्या वेगळ्या. अठरा ते साठ वयाच्या युक्रेनियन पुरुषांना देश सोडायची परवानगी नव्हती, त्यामुळे नाक्यावर बाप पोरांना निरोप देऊन माघारी वळत होते. हे सगळं त्या मुलीनं बघितलं, एकोणिसाव्या वर्षी.

दरम्यान पोलंडनं भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाशिवाय आत घ्यायचं जाहीर केलं. सोमवारी पहाटे त्या पाटीकडे पहिल्यांदा एक मुलगा आला, तो सांगलीचा. त्याच्यामागून नांदेडच्या दोन मुली आल्या. त्यांना एवढंच कळलं की ही आपली अक्षरं आहेत. आणि मग आपली पोरगी. ती त्याला म्हणाली, "मला वाटलं, मला भास होतोय." गाडीत चार जागा होत्या, चौघंही बसले. क्राकोला त्याच्या बायकोनं बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगी केल्या होत्या. आपल्या उकडलेल्या करंज्याच म्हणा ना. चौघं मिळून साठ खाऊन गेले, असा माझ्याकडे लेखी पुरावा आहे. दुसऱ्या दिवशी तो त्यांना रझेशोव्हला सोडून आला. तिथून आपल्या सरकारनं 'ऑपरेशन गंगा'खाली सोडलेल्या विमानानं मुलं दिल्लीला आली.

मी आभार मानायला फोन केला. तो म्हणाला, "आभार राहू दे. मला एक विचारायचं आहे. तू मैत्रीण आहेस म्हणून विचारतो. तुमच्या देशानं संयुक्त राष्ट्रांत मत का नाही दिलं?" २५ फेब्रुवारीला सुरक्षा परिषदेत आणि २ मार्चला आमसभेत भारत तटस्थ राहिला होता. मी माझ्या परीनं सांगितलं. रशियाशी जुने संबंध, शस्त्रं, शेजारी चीन, आणि त्या घटकेला अडकलेली आपलीच मुलं. त्याला ते पटलं नाही. मलाही ते सांगताना पूर्ण समाधान नव्हतं. पण फोन कोणीच आपटला नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, "आम्हीही काही संत नाही. आमच्या बेलारूसच्या सीमेवर इराक, सीरियातून आलेली माणसं जंगलात अडकली आहेत. त्यांना आम्ही परत ढकलतो, तिथे कुंपण बांधतोय. मेडिकाला मी पाटी घेऊन गेलो. त्या कुंपणाशी मी गेलेलो नाही."

हे वाक्य मी विसरत नाही. २०२४ च्या अखेरीस जगात बारा कोटींहून अधिक माणसं घरदार सोडून पळायला लागलेली होती. एवढ्या मोठ्या आकड्याचं आपण काय करणार? माझ्याकडे उत्तर नाही. पण कोणाला आत घ्यावं, किती घ्यावं यावर वाद घालताना आपण स्वतः कुठल्या कुंपणाशी गेलो नाही, एवढं कबूल करणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

मार्चमध्ये मी गांधीनगरला गेले. मैत्रिणीनं दार उघडलं. मी पाठ केलेली माफी सुरू केली. तिनं मला मधेच थांबवलं. म्हणाली, "तू खोटं बोललीस म्हणून मला राग आला नव्हता. पण एक सांगू? माझे आजोबा परदेशातून नाही आले गं. ते आपल्या देशातच राहत होते. देशच तिथून उठून गेला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आणि तो मेसेज मी न वाचताच पुढे ढकलला होता. ते मी तुला तेव्हाच सांगितलं असतं. तू फोन केला असतास तर."

आत तिची आजी बसली होती. आज त्या नव्वदीच्या पुढे आहेत. सिंधी, हिंदी आणि कोल्हापुरी मराठी अशा तिन्ही भाषा एका वाक्यात बोलतात. त्यांनी सांगितलं की त्या चौदा वर्षांच्या असताना इथे आल्या. त्यांना मिळालेल्या बराकीत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या. एकावर एक, आणि प्रत्येक रेघेपुढे परकी अक्षरं. आधी कळेना काय आहे. मग त्यांच्या आईच्या लक्षात आलं, कोणीतरी आपल्या मुलाची उंची मोजून ठेवली होती. "माँ ने काय केलं माहितै? माझा धाकटा भाऊ होता, त्याला त्याच चौकटीला उभं केलं आणि शेजारी आपली रेघ मारली." ती बराक आता नाही. तिथे चार मजली कापडाचं दुकान आहे.

मग त्यांनी विचारलं, "ते पोरं गेले कुठे पुढे?" मला वाचून माहीत होतं ते सांगितलं. युद्ध संपल्यावर पोलंडची सीमाच पश्चिमेकडे सरकली. ज्या पूर्वेकडच्या भागातून त्यांना उचलून नेलं होतं, तो भाग सोव्हिएत युनियनमध्ये गेला. त्यामुळे बरेचजण घरी जाऊच शकले नाहीत, कारण घर दुसऱ्या देशात होतं. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी अमेरिकेला. आणि सोव्हिएत युनियन फुटल्यावर त्यातला बराचसा भाग युक्रेनमध्ये राहिला. टर्नोपिलही त्यातच. १९३९ पर्यंत ते पोलंडचं शहर होतं.

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग नातीच्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे त्यांचं गाव हिनं बघितलं, आणि हिच्या गावात ते राहून गेले." मी वर्षभर पुस्तकं वाचून जे जुळवत होते, ते त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

मित्रांनो, मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही. बाईंना विचारा, माझे मार्क बेताचेच होते. पण एक गोष्ट मला या प्रवासात कळली. वळिवड्याची तीच माहिती मी दोनदा वापरली. एकदा मैत्रिणीला गप्प करायला, आणि एकदा अनोळखी माणसाच्या हातात पाटी द्यायला. माहिती तीच, गावाचं नाव तेच. पहिल्या वेळी माझ्या बाजूनं चौदा अंगठे होते, आणि माझं माणूस गेलं. दुसऱ्या वेळी कोणी टाळी वाजवली नाही, आणि चार पोरं घरी आली.

जगात चाललेल्या घडामोडींवर आपण सगळे बोलणारच. बोलावंच. आपल्या ग्रुपवर राजकारण बंद, असा नियम करा म्हणून काहीजण मागे लागले आहेत. मला तो नियम नको. मला एवढाच नियम हवा की ग्रुपवर कोणाला टोकण्याआधी त्याला फोन करायचा. नंबर आहेतच सगळ्यांचे. तीस वर्षांची ओळख आहे, तिचा एवढा तरी उपयोग व्हावा. रात्री एक वाजता कोणाला फोन करायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याचं निम्मं संकट टळलेलं असतं. ते संकट युद्धाचं असो, पुराचं असो, नाहीतर आजारपणाचं. २०१९ च्या पुरात आपल्यातल्याच किती जणांनी एकमेकांना घरी नेऊन ठेवलं होतं, ते मी सांगायला नको.

शेवटी एक सूचना, संयोजकांनी द्यायला सांगितली आहे. उद्या सकाळी साडेआठला शाळेच्या फाटकातून वळिवड्याला बस निघेल. आधी ख्रिश्चन दफनभूमीत थांबू, मग वळिवडे स्टेशन, आणि मग गांधीनगर. बाई, तुम्हाला पुढची सीट राखून ठेवली आहे. माझा क्राकोचा मित्र दोन दिवसांपूर्वी पुण्यात उतरला आहे, तो उद्या सकाळी थेट तिथेच येतोय. पुठ्ठ्याची पाटी त्यानं जपून ठेवली होती, ती घेऊन येतोय. ल्ह कसा काढायचा ते त्याला कोणीतरी शिकवा.

आजींना सांगितलंय की पन्नास माणसं येतील. त्या म्हणाल्या, येऊ देत. पण कापड घेणार असाल तर घासाघीस करू नका, म्हणाल्या. १९९५ साली मीटरमागे दोन रुपये कमी केलेले त्यांना अजून आठवतात.